मुलगी ताटावर ठेका धरते, तबला आणावा का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सात वर्षांची आहे. जेवताना ताटावर, गाडीत सीटवर, आंघोळीच्या बादलीवर, मिळेल त्यावर वाजवत असते. गणपतीत आरत्या सुरू झाल्या की हातातले टाळ कुणाला देत नाही. घरात कुणी गाणारं-वाजवणारं नाही. हा वयाचा चाळा म्हणायचा की पुढे जन्मभर टिकेल अशी आवड? तबला आणावा का, कोणता आणावा, आणि घरी आम्ही नेमकं काय करायचं?

ताटावर वाजवण्याला फार महत्त्व देऊ नका. या वयाची बहुतेक मुलं हाती लागेल ते वाजवतात. आवाज झाला की मोठी माणसं वळून बघतात, तेवढं कारण त्यांना पुरतं. ढोल-ताशाच्या पथकासमोर भान हरपून नाचणारं मूलही तबल्यापाशी बसेलच असं नाही. तिथे गर्दीचा आणि दणक्याचा आनंद मोठा असतो. बघायचं ते तिच्या वाजवण्यात काही परत येतंय का. टण-टण-टटण असं काहीतरी वाजवून ती पुन्हा तिथेच येते का? मध्ये चुकली तर थांबून पहिल्यापासून घेते का? नुसता बडबडाट आणि ठेका यांत एवढाच फरक आहे, आणि तो संगीत न शिकलेल्या कानालाही कळतो.

घरच्या घरी करता येण्यासारखं एक काम सांगतो. तिला समोर बसवा आणि मिनिटाला शंभराच्या आसपास टाळ्या पडतील अशी लय धरा. मोबाइलवरचा मेट्रोनोम चालेल. साठाची लय घेऊ नका. सेकंदाला एक टाळी आपल्याला सोपी वाटते, पण लहान मुलांची अंगची लय जलद असते आणि दोन टाळ्यांमधली मोकळी जागा त्यांना सांभाळता येत नाही. एक मिनिट दोघांनी मिळून टाळ्या वाजवा. मग तुम्ही थांबा, तिला अर्धा मिनिट एकटीला चालू ठेवू द्या. त्यातच सहज विचारा, आज डब्यात काय होतं? उत्तर देताना लय डगमगणारच. डगमगल्याचं तिचं तिला कळतं का, आणि ती परत पकडायला बघते का, एवढंच पाहा. लय पळते म्हणून नापास करू नका. लय पळणं शिकवून जातं. पळाल्याचं जाणवणं मात्र आतून यावं लागतं.

दुसरं, ऐकणं. लेहऱ्यावर वाजवलेल्या एकल तबल्याचं तीन-चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण लावा आणि काही बोलू नका. लेहरा म्हणजे हार्मोनियम किंवा सारंगीवर सतत फिरत राहणारी सुरावट. तबलजी कितीही लांब गेला तरी तिच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, परत येतो. काही मुलं दोन-तीन आवर्तनांत, कुणी न सांगता, समेला मान हलवतात. काही म्हणतात, ‘परत लाव.’ काही उठून जातात, त्यांना जाऊ द्या.

तिसरी खूण सर्वांत वजनदार: कुणी बघत नसताना ती तेच करते का. यासाठी सहा आठवडे द्या. कॅलेंडरवर तारखेपुढे नुसती बारीक खूण करा, तिला सांगू नका. सहा आठवड्यांत खुणा विरळ होत गेल्या तर तबल्याचे पैसे वाचले. वाढल्या किंवा तेवढ्याच राहिल्या तर पुढे वाचा.

आता तबल्याची गोष्ट. मुलं तबला का सोडतात, याची कारणं पालक मुलाच्या स्वभावात शोधतात. चिकाटी नाही, मन लागत नाही, वगैरे. सर्वांत जास्त वेळा कारण असतं घरातला उतरलेला, म्हणजे स्वर खाली गेलेला, तबला. क्लासात गुरुजींच्या तबल्यावर ‘ना’ हा बोल टणकन निघतो. घरी त्याच बोटाने, त्याच जागी मारलं की थप्प. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, उतरली आहे हे सात वर्षांच्या मुलीला कळत नाही. तिला वाटतं, मला येत नाही. असं दोन महिने चाललं की कुरकुर सुरू होते आणि घरचे म्हणतात, बघा, आवड नव्हतीच. म्हणून माझं मत सरळ आहे: पहिली दोन वर्षं पालकाचं मुख्य काम मुलीला रियाजाला बसवणं नाही, तबला स्वरात ठेवणं आहे. ते काम संगीत न येणाऱ्यालाही जमतं.

का, ते समजून घ्या म्हणजे हातोडी हातात घ्यायची भीती जाईल. साध्या ताणलेल्या कातड्यावर मारलं तर जे अनेक स्वर एकदम निघतात ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आवाज ढब्ब येतो. पुडीच्या मध्यावरचा काळा गोल, शाई, हे जुळवून आणतो. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचं मिश्रण थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घासून शाई बसवतात. मध्यावर जाड, कडेला पातळ. या वजनामुळे वरचे स्वर खालच्याच्या पटीत येऊन बसतात आणि चामड्यातून तारेसारखा सूर निघतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली आपल्या वाद्यांच्या या गुणावर शोधनिबंध लिहिला. मात्र हे जुळणं पुडीचा ताण सगळीकडून सारखा असेल तेव्हाच होतं. एक बाजू सैल पडली की दोन स्वर भांडतात आणि ‘ना’ फाटतो.

तबला घेताना तोंडाचा व्यास पाहा. लहान मुलीला सव्वापाच ते साडेपाच इंची, म्हणजे टिपेचा तबला घ्या. तो हार्मोनियमच्या काळी एक ते पांढरी दोन या पट्ट्यांच्या आसपास लागतो. सहा-सव्वासहा इंची ढाल्या, म्हणजे खालच्या, स्वराचा तबला ऐकायला गोड असतो, पण त्यावर तिची अनामिका शाईच्या कडेला टेकवून तर्जनी चाटेपर्यंत, म्हणजे कडेच्या पट्टीपर्यंत, नेणं म्हणजे पंजा ताणणं आहे. आणि दुकानात ‘मुलांचा’ म्हणून जो चार इंची खेळण्यातला जोड मिळतो तो घेऊ नका. त्याला सूर नसतो, हातही चुकीचा बसतो. डग्गा, म्हणजे डाव्या हाताचं मोठं भांडं, नेहमीच्या सव्वानऊ-साडेनऊ इंचांऐवजी थोडा लहान, साडेआठ-नऊचा मिळाला तर बरा. मनगट टेकवून बोटं पुढे पडायला हवीत. धातू तांबं की पितळ, याची चर्चा पाच वर्षांनी करा.

लाकूड शिसवी असो की दुसरं, भांडं हातात जड लागलं पाहिजे. हलकं भांडं डुगडुगतं आणि आवाजही पोकळ येतो. पुडीवर शाईत बारीक भेगांचं जाळं दिसेल. ते असायलाच हवं, शाई त्यामुळेच लवते. खपली निघालेली किंवा नखाने ठोकल्यावर कुरकुरणारी शाई मात्र नको. चाटेवर गोल फिरत आठ ठिकाणी तर्जनीने हलके ठोके द्या. आठही आवाज साधारण एक निघाले तर पुडी चांगली. दोन ठिकाणी वेगळाच आवाज आला आणि दुकानदार हातोडीने तो जुळवू शकला नाही, तर दुसरा जोड मागा. शक्यतो शिकवणाऱ्यांना सोबत न्या.

आता स्वरात लावणं. तबल्याच्या गजऱ्यातून, म्हणजे पुडीभोवतीच्या वेणीतून, वादी, म्हणजे पुडीला ताण देणारी चामड्याची पट्टी, खाली जाते आणि वर येते. त्यामुळे गजऱ्याचे सोळा भाग पडतात, त्यांना घरं म्हणतात. वादीखाली लाकडाचे आठ गट्टे असतात. गट्टे ढोबळ कामासाठी: स्वर एक-दीड पट्टी चढवायचा असेल तर गट्टे खाली ठोकायचे, उतरवायचा असेल तर वर. रोजचं बारीक काम गजऱ्यावर होतं.

मोबाइलवर तानपुरा लावा, समजा काळी एकचा. चाटेवर ‘ना’सारखा ठोका देऊन ऐका, षड्जापेक्षा, म्हणजे ‘सा’पेक्षा, खाली आहे की वर. एका घरापाशी सुरू करा. खाली असेल तर त्या घराच्या गजऱ्यावर वरून खाली, किंचित तिरका, हातोडीचा एक ठोका. वर गेला असेल तर खालून वर. मग शेजारच्या घराला हात लावू नका, बरोबर समोरच्या घराला जा. तिथे तेच. मग काटकोनातली दोन घरं. अशी समोरासमोर जोडीने फेरी पूर्ण करा. गोल गोल क्रमाने गेलात तर पुडी एका बाजूला ओढली जाते, शेवटचं घर जुळेपर्यंत पहिलं बिघडतं, आणि तासभर तेच चालतं. ठोका लहान द्या, ऐका, मग दुसरा. हातोडी पुडीला किंवा चाटेला लागता कामा नये. एक निसटता फटका पुडी फाडतो. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, महिन्याने पाच मिनिटांत होईल. कान जुळत नसेल तर ट्यूनर अ‍ॅप डोळ्याला आधार देतं, पण तबल्याच्या तुटक आवाजावर त्याचा काटा नाचतो. चार-पाच ठोके सारखे देऊन बघा.

हवामान हा निम्मा खेळ आहे. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, तबला उतरतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात चढतो, आणि कधी रात्रीत पुडी फुटल्याचा फट्ट आवाज येतो. कोकणात, गोव्यात, मुंबईत जूनपासून रोज लावावा लागेल हे धरूनच चाला. जाड झाकणं घाला, तबला खिडकीपासून आणि एसीच्या झोतापासून लांब ठेवा, पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. मे महिन्यात गावाला जाताना गट्टे वर सरकवून ताण कमी करून जा. ओला झालेला तबला गॅसजवळ शेकायला ठेवू नका. शाई सुकून सुटते.

आणि हात. चिवडा खाऊन तशीच उठून तबल्यावर बसली तर तेलाचा डाग चाटेवर कायमचा बसतो, तिथली पुडी मऊ पडते. रियाजाआधी साबणाने हात धुवून पुसायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. टाल्कम पावडर घामासाठी असते: चिमूटभर, तळव्याला. शाईवर भुरभुरवली की ती भेगांत बसून आवाज खाते. नखं आठवड्याला काढा.

हात कसा बसतो ते पालकाला ढोबळ माहीत असावं, म्हणजे घरी नजर ठेवता येते. ‘ना’ काढताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली राहते, करंगळी तिच्या सोबत, आणि तर्जनी चाटेवर पडून लगेच उठते. टेकलेली अनामिकाच सगळं करते. ती पुडीचा खालचा घुमणारा स्वर दाबून टाकते आणि वरचा स्वच्छ सूर तेवढा सुटतो. मुलं जोर लावायला जातात तेव्हा अनामिका उचलली जाते आणि ‘ना’चा ‘तूं’ होतो. दुसरी चूक तर्जनी मारून तिथेच दाबून ठेवण्याची, आवाज मरतो. गरम तव्याला बोट लागल्यावर जसं उठतं तसं उठू दे, एवढं सांगितलं तरी निम्म्या मुलांना समजतं. ‘तिट’मध्ये ‘ति’ मध्यमा-अनामिकेने शाईच्या मध्यावर, ‘ट’ तर्जनीने, दोन्ही बंद, घुमारा नको. डग्ग्यावर ‘गे’ला मनगटाचा गादीसारखा भाग पुडीवर टेकलेला हवा, पण भार देऊन नव्हे. भार दिला की घुमारा निघतच नाही. सात वर्षांची मुलगी पुढे झुकून बसली असेल तर भार पडणारच. तिच्या खाली दोन-अडीच इंचांचं आसन सरकवा, पाठ सरळ होते, डग्गा बोलू लागतो. डावा हात मागे राहणं हा तबल्यातला जुना आजार आहे, तो इथेच सुरू होतो.

दुखण्याबद्दल: बोटांच्या टोकाला पहिले काही दिवस झोंबणं ठीक. मनगट, कोपर किंवा खांदा दुखत असेल तर हात चुकतोय. दोन दिवस विश्रांती आणि शिकवणाऱ्यांना दाखवा. सरावाने दुखणं जाईल असं म्हणून रेटू नका.

रोजचा वेळ कमी ठेवा. पहिले तीन महिने सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा. सलग तास नको, मांडी घालून बसलेलं मूल बारा-पंधरा मिनिटांनी सैल पडतं आणि त्यानंतरचा प्रत्येक बोल चुकीचाच पक्का होतो. दहा मिनिटांतली तीन पढंतीला. बोल आधी तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी-खाली दाखवत:

धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा.

त्रितालाच्या सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात उघडा, ती खाली. जुने लोक तिला काल म्हणत. जे तोंडाने लयीत म्हणता येत नाही ते हाताने वाजत नाही. झाकीर हुसेन जन्मले तेव्हा वडील अल्लारखा यांनी त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले, असं ते स्वतः सांगत. तुमच्या घरी ती परंपरा नसली तरी शाळेच्या रिक्षात पढंत होते. पढंतीला तबला लागत नाही आणि शेजारी तक्रार करत नाहीत. फ्लॅटमध्ये तबल्याखाली चुंबळ आणि त्याखाली जाड सतरंजी घाला, खालच्या मजल्यावर जाणारा दणका बराच कमी होतो. पुडीवर रुमाल टाकून वाजवणं टाळा. स्पर्श बदलतो, बोटं जोर करू लागतात.

क्रम साधारण असा: पहिले दोन-तीन आठवडे फक्त ‘ना’, ‘तिं’, ‘गे’, ‘के’ सुटे. मग दोन्ही हात मिळून ‘धा’ आणि ‘धिं’. दीड-दोन महिन्यांनी केरवा आणि दादरा हे छोटे ताल, म्हणजे गाण्याला लागेल असं काहीतरी लवकर हाती येतं. तीन-चार महिन्यांनी त्रिताल आणि त्यावर पहिला कायदा, म्हणजे विस्तार करता येईल अशी बांधलेली बोलांची रचना, बहुधा दिल्ली घराण्याची: धाधा तिट धाधा तूंना, ताता तिट धाधा धिंना. हा सोळा बोलांचा तुकडा पहिलीच्या पुस्तकासारखा आहे, पण त्यात उघडे बोल, बंद बोल, डग्ग्याचं येणं-जाणं सगळं आलं. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला डग्गा गप्प होतो आणि शेवटी ‘धा’वर परत बोलतो. मुलीला विचारा, घुमारा कुठे गेला होता? तिने जागा दाखवली तर खाली तिला समजली.

लयीची घाई नको. मिनिटाला ऐंशीला स्वच्छ वाजणारा कायदा लगेच एकशेसाठला न्यायचा मोह मुलांना असतो आणि आई-वडिलांना त्याहून जास्त, कारण जलद वाजवलेलं मोबाइलवर छान दिसतं. वेगात ‘तिट’चा ‘ट’ सर्वांत आधी गळतो. तो ऐकू येतो का, एवढी एकच कसोटी ठेवा. गळला की चार-पाच अंकांनी खाली या. लेहऱ्याचं अ‍ॅप जरूर वापरा, पण कायदा सुटा नीट यायला लागल्यावर, साधारण सहाव्या महिन्यापासून. त्याआधी लेहरा लावला की मूल त्याच्या मागे फरफटतं.

गुरू निवडताना आधी एक तास मागे बसून बघू द्या म्हणून विचारा. जिथे नको म्हणतात तिथे जाऊ नका. एका वेळी चार-पाच मुलं ठीक, बारा-पंधरा असतील तर कुणाची अनामिका उचलली गेली हे कुणी बघणार नाही. शिकवणारे सुरुवातीला स्वतः तबले लावून घेतात का? मुलांकडून पढंत करून घेतात का? चुकलेला बोल वाजवून दाखवतात, की नुसतं ‘परत’ म्हणतात? दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब, यांतलं घराणं कोणतं हा प्रश्न दहा वर्षांच्या आत विचारायची गरज नाही. मुलगी आहे म्हणून कुणी बिचकत असेल तर आबान मिस्त्री यांचं नाव सांगा. मुंबईतल्या या विदुषीने तबला पुरुषांचा समजला जाण्याच्या काळात एकल वादन केलं आणि घराण्यांच्या इतिहासावर मोठं पुस्तक लिहिलं.

परदेशात असाल आणि ऑनलाइन शिकायचं असेल तर दोन गोष्टी. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं अशक्य. गुरूंनी वाजवायचं, मग तिने, असंच चालतं. आणि व्हिडिओ कॉलची गोंगाट गाळणारी सोय बंद करा. त्या यंत्रणेला तबला म्हणजे गोंगाटच वाटतो, ती घुमारा कापून टाकते आणि गुरूंना फक्त टकटक ऐकू जाते. कॅमेरा चेहऱ्यावर नको, उजव्या बाजूने थोडा वरून, दोन्ही पंजे दिसतील असा. थंड देशात हिवाळ्यात घर तापवल्यामुळे हवा कोरडी होते, तबला आपल्या मे महिन्यासारखा चढतो. त्या दिवसांत रोज ऐकून गजऱ्यावर उतरवत राहा.

परीक्षा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. दहावीला शास्त्रीय कलांसाठी सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे पालकांचं गणित तिथून उलटं मांडलं जातं. परीक्षेला माझा विरोध नाही. अभ्यासक्रमामुळे ताल लिहायची सवय लागते, ती उपयोगाची आहे. पण पहिल्या वर्षी प्रारंभिकला बसवू नका. परीक्षेचे तेवढेच ताल आणि कायदे घोटण्यात आठ महिने जातात आणि मूल तेवढंच वाजवायला शिकतं. पाहुण्यांसमोर ‘वाजवून दाखव’ हेही पहिल्या वर्षी टाळा. त्यापेक्षा आजीला अभंग म्हणायला सांगा आणि मुलीला केरवा धरू द्या. आजी कडव्यानंतर श्वासाला थांबेल, शब्द विसरेल, लय ओढेल. तिला सांभाळून घेणं म्हणजे साथ. अहमदजान थिरकवा यांच्यासारखा एकल वादनातला सम्राट बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वर्षानुवर्षं साथीला बसत होता, तेव्हा साथ म्हणजे कमी प्रतीचं काम हा गैरसमज घरात नसावा.

आठव्या ते चौदाव्या महिन्याच्या दरम्यान एक उतार येतो. नवलाई संपलेली, कायद्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांच्या उलटसुलट मांडण्या, सुरू झालेले, तेच तेच वाटतं. इथे आधी तबला स्वरात आहे का ते तपासा. मग वेळ निम्मा करा, बंद करू नका. मग तिला काय हवंय ते बघा. कधी असं दिसतं की मुलीला लय हवी आहे, तबला नको आहे. बसून बारीक बोटं चालवण्यात जीव रमत नाही, पण कीर्तनातला पखवाज ऐकून थांबते, ढोलकीवर हात जातो, किंवा पढंत म्हणताना पाय आपोआप पडतात. पखवाजावर पूर्ण पंजा पडतो, ढोलकी आडवी धरून वाजते, कथकात हेच बोल पायांनी निघतात. वाद्य बदललं तर वर्ष वाया गेलं असं समजू नका, सोळा मात्रा बरोबर जातात.

आणि वर्षाच्या शेवटी एक बघण्यासारखं. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा ‘धा’ समेवर आणणं. तिला सर्वांत सोपी द्या: ‘ति ट धा’, तीन मात्रांची, त्रितालात नवव्या मात्रेपासून. नऊ-दहा-अकरा, बारा-तेरा-चौदा, पंधरा-सोळा आणि सम. बोटांवर मोजून दोन-तीन दिवसांत येते. पहिल्यांदा ‘धा’ लेहऱ्याच्या समेवर अचूक पडला की मुलं हसतात, हे जवळजवळ ठरलेलं. आता विचारा, तुकडा चार मात्रांचा केला, ‘ति ट क धा’, तर सुरुवात कुठून? सांगू नका. उत्तर सहाव्या मात्रेपासून आहे, आणि पाच मात्रांचा केला तर तिसऱ्यापासून. काही मुलं ‘तुम्हीच सांगा’ म्हणतात आणि सांगितल्यावर छान वाजवतात, त्यांचंही शिक्षण चालू ठेवा. पण काही त्या वेळी गप्प बसतात, आणि रात्री जेवताना ताटाच्या कडेवर बोटं आपटत, ओठांतल्या ओठांत मोजत, एकदम म्हणतात, ‘सहा!’